डॉक्टरांची दाढ

दातांच्या डॉक्टरांची दाढ दुखायला लागली, त्याला आठ दिवस झाले होते. ही गोष्ट जगात दोनच माणसांना माहीत होती, एक ते स्वतः आणि दुसरी त्यांची बायको. खरं तर बायकोलाही त्यांनी सांगितलं नव्हतं. पण जो माणूस आठ दिवस एकाच बाजूने चावतो आणि उशाशी लवंगांची डबी घेऊन झोपतो, त्याला वेगळं काही विचारावं लागत नाही.

"कोणाला तरी दाखवा आता," ती म्हणाली.

"कोणाला दाखवू? इथे दातांचा डॉक्टर मीच."

"समोर मॅडम आहेत की."

डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला. समोरच्या मॅडम म्हणजे त्यांच्याच हाताखाली दोन वर्षं शिकून गेलेली मुलगी. तिने रस्त्यापलीकडे, बरोब्बर यांच्या खिडकीसमोर दवाखाना थाटला, तेव्हापासून डॉक्टर येईल त्या पेशंटला सांगत आले होते की तिकडे जाऊ नका, ती दात वाचवायच्या भानगडीत पडत नाही, सरळ उपटते. चार वर्षं सांगून सांगून त्यांना स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

"त्यापेक्षा दाढ दुखून मेलेला बरा," ते म्हणाले.

"दाढ दुखून कोणी मरत नाही. तेच तर वाईट आहे," बायको म्हणाली.

त्या दुपारी मदतनीस बाई जेवायला गेल्यावर डॉक्टरांनी दवाखान्याचं दार आतून लावून घेतलं आणि पेशंटच्या खुर्चीत स्वतः बसले. एका हातात छोटा आरसा, दुसऱ्या हातात टोचणी. आरशात डावं उजवीकडे दिसत होतं आणि उजवं डावीकडे. ते चाचपडत चाचपडत दुसऱ्याच दातांवर फिरत राहिले आणि मग चुकून बरोबर दाढ सापडली.

बाई दार वाजवायला लागल्या. "आत कोण पेशंट आहे?"

"कोणी नाही," डॉक्टरांनी दार उघडत सांगितलं.

"मग ओरडलं कोण?"

"रस्त्यावर असेल कोणीतरी."

संध्याकाळी निवृत्त मास्तर आले. हे जुने पेशंट. तोंड उघडताना नेहमी डोळे मिटून घेत.

"मास्तर, हिरड्या सुजल्यात. रात्री ब्रश करता का?"

"विसरतो कधीमधी. आणि रक्त येतं, म्हणून जोर नाही करत."

"जोर करायचाच नाही, हलक्या हाताने करायचं. पण रक्त येतं म्हणून घासायचं सोडलंत तर हिरडी दात सोडून देते. मग दात हलतात. आता मला बघा. साठीला आलो, एक दात हलत नाही."

"तुमचा गाल एका बाजूने मोठा दिसतोय हो."

"मास्कची घडी आहे."

मास्तर त्या घडीकडे बराच वेळ बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता, ऐन जेवणाच्या वेळी, डॉक्टर टोपी आणि मास्क घालून, मोठा वळसा घेऊन रस्ता ओलांडून गेले. घडी आता डोळ्यापर्यंत चढली होती. समोरच्या दवाखान्यात काउंटरवर नवीन मुलगी होती. तिने कागद पुढे ओढला.

"दिवसातून ब्रश किती वेळा करता, काका?"

"दोनदा."

मुलीचं पेन थांबलं. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"सकाळी एकदा," डॉक्टर म्हणाले.

"याआधी दात कोणाला दाखवले होते?"

बत्तीस वर्षं ते दुसऱ्यांच्या तोंडात डोकावत आले होते. आपल्या तोंडात कोणी डोकावलं नाही, हे त्यांना पहिल्यांदाच जाणवलं.

"कोणालाच नाही."

"लाजू नका. पुष्कळ जण असेच असतात," असं म्हणून तिने ते लिहून घेतलं.

बाकावर एक गृहस्थ वर्तमानपत्र पूर्ण उघडून तोंडासमोर धरून बसले होते. डॉक्टर शेजारी टेकले. पानामागून ओळखीचा खोकला आला. पान खाली सरकलं. मास्तर होते.

"मी आपला सोबत आलोय," मास्तर घाईघाईने म्हणाले.

"कोणाच्या?"

मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं. बाकावर दुसरं कोणीच नव्हतं. "तुमच्या," ते म्हणाले.

तेवढ्यात डॉक्टरांना आत बोलावलं. मास्क निघाला तशी मॅडमने त्यांना ओळखलं. मग तिने दिवा ओढला, तपासलं, दाढेचा एक्स-रे काढला.

"सर, दाढेखाली पू झालाय. हिरडी सुटलीय, हाडही झिजलंय. हे किटण किती वर्षांचं आहे?"

"वाचेल का?" डॉक्टरांनी विचारलं. हा प्रश्न लोक त्यांना रोज विचारायचे. तो इतक्या केविलवाण्या आवाजात विचारला जातो, हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"वर्षभर आधी आला असतात तर वाचवली असती. आता काढावी लागेल."

"दुखेल?"

"मुंगी चावल्यासारखं. असं सांगायला तुम्हीच शिकवलंय, सर."

ती मुंगी नव्हती. बत्तीस वर्षांत आपण किती माणसांशी खोटं बोललो, याचा हिशेब करता करता डॉक्टरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. दाढ निघाल्यावर मॅडमने प्लास्टरचा जबडा हातात घेऊन त्यांना ब्रश कसा धरायचा ते दाखवलं. ते मुकाट्याने बघत राहिले. बोलायला तोंडच नव्हतं; त्यात कापसाचा बोळा होता.

बाहेर आले तर बाकावर मास्तरांशेजारी शिंपीणबाई आणि पोस्टातले क्लार्क बसलेले. तिघेही त्यांचेच पेशंट.

"काढली?" शिंपीणबाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी मान हलवली.

"तुम्ही म्हणत होतात ते खरंच की. ही उपटतेच."

चार वर्षांत पहिल्यांदाच डॉक्टरांना मॅडमची बाजू घ्यावीशी वाटली. पण बधिर ओठांतून एवढंच बाहेर आलं, "तिहा दोह नाही."

"काय म्हणतायत?" क्लार्कने विचारलं.

"दोन नाही म्हणतायत," मास्तरांनी समजावलं. "एकच काढली."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या दवाखान्यात चिटपाखरूही फिरकलं नाही. बाईंनी सकाळपासून अवजारं दोनदा उकळली, मग खुर्ची पुसली, मग पुसलेली खुर्ची पुन्हा पुसली. खिडकीतून समोरचा जिना दिसत होता. डॉक्टरांनी पडदा ओढून घेतला. दुपारी घरी जाऊन ते बायकोला म्हणाले, "पाटी उतरवून टाकतो. स्वतःची दाढ ज्याला सांभाळता आली नाही, त्याच्याकडे कोण येणार?"

"उतरवा. पण आधी जेवा. मऊ केलंय सगळं."

जेवून ते स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दवाखान्यात गेले. पाटीचे स्क्रू गंजले होते म्हणून ती त्या दिवशी तशीच राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडायला गेले, तर जिन्यावर माणसं बसलेली. पहिले मास्तर.

"समोर नाही गेलात?" डॉक्टरांनी सावधपणे विचारलं.

"परवा बसलो होतो की, नंबर येईपर्यंत. मग उठून आलो. हात चांगला आहे म्हणतात तिचा. पण तिचे दात फार छान आहेत हो. पुढ्यात तोंड उघडायला संकोच वाटतो. गेली कित्येक वर्षं तुमच्यापुढेही वाटायचा. आता तसं काही राहिलं नाही."

मास्तर खुर्चीत बसले, पण तोंड उघडेनात.

"काय झालं?"

"आधी तुम्ही," मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी मदतनीस बाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग डॉक्टरांनी मास्क खाली ओढला आणि तोंड उघडलं. मास्तरांनी चष्मा नीट बसवला, दिवा थोडा वळवून घेतला, आत नीट निरखून पाहिलं.

"दाखवतात का?" शिंपीणबाईंनी दारातून विचारलं.

"दाखवतात, दाखवतात," मास्तर समाधानाने म्हणाले आणि या खेपेला डोळे उघडे ठेवून त्यांनी आ केला.

त्या दिवशी अकरा पेशंट झाले. संध्याकाळी दवाखाना बंद करताना डॉक्टरांचा जबडा दुखत होता.