रबराच्या वागणुकीबाबत

दोन ताठ वस्तूंकडून एकत्र काम करून घ्यायचं असेल, तर मध्ये एक मऊ वस्तू ठेवावी लागते. तिचा पहिला उपयोग म्हणजे ती धक्के सोसते. दुसरा, आणि प्रशासनाच्या दृष्टीने अधिक मोलाचा, उपयोग म्हणजे काही बिघडलं की दोष द्यायला ती कायम हाताशी असते.

यंत्रांच्या जगात या सोयीला लवचीक कपलिंग म्हणतात. माझे बाबा ज्या कारखान्यात फिटर आहेत, तिथल्या पंपघरात असं एक कपलिंग आहे. मी दहावीत असून मला ते संपूर्ण समजलेलं आहे, तेव्हा कुणी घाबरू नये. इकडे मोटर. तिच्यातून बाहेर आलेला फिरता लोखंडी दांडा, म्हणजे शाफ्ट. तिकडे पंप, त्याचाही शाफ्ट. दोन्ही शाफ्टच्या टोकाला एकेक दातेरी लोखंडी वाटी, आणि समोरासमोरच्या दातांमध्ये बसवलेला रबराचा एक स्टार. मोटरचे दात स्टारला ढकलतात, स्टार पंपाच्या दातांना ढकलतो, आणि पाणी वर चढतं. दोन शाफ्ट तंतोतंत एका रेषेत नसले, तर तो केसभर फरक स्टार दर फेरीला दबून, ताणून, निमूट सांभाळून घेतो. मिनिटाला एक हजार चारशे चाळीस वेळा. (आमच्या घरी हे काम आई करते. तिच्या फेऱ्या अजून कुणी मोजलेल्या नाहीत.)

असा स्टार आरामात दोन-तीन वर्षं टिकतो. आमचा नऊ दिवस टिकायचा.

कारखान्यात मोटर विद्युत विभागाची आणि पंप यांत्रिकी विभागाचा. त्यामुळे एक मोटरसाहेब आहेत आणि एक पंपसाहेब. पंपघर उभं राहिलं तेव्हा मोटरसाहेबांनी मोटर पूर्वेच्या भिंतीपासून मोजून बसवली, पंपसाहेबांनी पंप पश्चिमेच्या. दोघांचं मोजमाप बिनचूक. फक्त त्या दोन भिंती एकमेकींना समांतर नाहीत. पण भिंती बांधकाम विभागाकडे येतात, त्यात आपण पडायला नको. दरवर्षी दोन्ही विभाग आपापल्या भिंतीपासून पुन्हा मोजतात आणि आपलं यंत्र सरळ असल्याचं प्रमाणपत्र स्वतःला देतात.

उरला स्टार. तो कुठल्याच विभागाचा नाही. तो बाबा बसवतात, सबब तो बाबांचा.

तीन महिन्यांत दहा स्टार फाटले, तेव्हा समिती नेमली गेली. तिच्या चार बैठका झाल्या. समितीने मोटर पाहिली: शून्य वेळा. पंप पाहिला: शून्य वेळा. फाटका स्टार टेबलावर ठेवून त्याकडे गंभीरपणे पाहिलं: चार वेळा. निष्कर्ष असा निघाला की सदर रबरात चिकाटीचा अभाव असून, तो हाताळणाऱ्याच्या सहवासातून आला असावा. बाबांना कारणे दाखवा नोटीस आली. बाबांनी एका ओळीत खुलासा दिला: 'मोटर दीड मिलिमीटर बाजूला सरकवावी लागेल.' त्यावर शेरा पडला: 'विषयांतर करू नये.' आणि खाली असं, की महिनाभरात अकरावा स्टार गेल्यास संबंधित फिटरची दूरच्या शाखेत बदली करण्यात येईल.

बदली म्हणजे आईची शिवणाची जमलेली गिऱ्हाइकं, माझी शाळा आणि शाळेत मी नुकताच मिळवलेला दरारा, सगळं गुंडाळायचं.

"मग सरकवा ना मोटर," मी बाबांना म्हटलं.

"तिच्या बोल्टला हात लावायला मोटरसाहेबांची सही लागते."

"मागा."

"मागितली. म्हणाले, मोटर सरकवली तर ती वाकडी होती असं कबूल केल्यासारखं होईल. पंप सरकवा."

"आणि पंपसाहेब?"

"त्यांचंही हेच. फक्त दुसऱ्या बाजूने."

आईने शिलाई मशीन थांबवलं. "दोघांना खुर्चीवर बसवा आणि खुर्च्या सरकवा," ती म्हणाली, आणि परत मशीन सुरू केलं.

त्याच आठवड्यात कामगारांच्या मुलांना कारखाना दाखवण्याचा दिवस होता. मुलांना नीट दिसावं म्हणून पंप बंद करून, कपलिंगवरची जाळी काढून ठेवली होती. मोठे साहेब म्हणाले, काही शंका असतील तर विचारा. (हे ते दरवर्षी म्हणतात. आजवर विचारलेल्या शंका: एक. ती डबा कधी मिळणार अशी होती.) मी कंपासमधून स्टीलची फूटपट्टी काढली आणि दोन्ही वाट्यांवर बाजूने आडवी टेकवली. मोटरच्या वाटीला पट्टी चिकटून बसली. पंपाच्या वाटीपाशी फट राहिली.

"यातून पलीकडचा उजेड दिसतोय," मी म्हटलं.

मोठे साहेब वाकले. मागोमाग सगळे वाकले.

"आमच्याकडे पट्टी टेकलेली आहे," मोटरसाहेब म्हणाले. "फट पंपाला आहे."

"बाळ, जरा पलीकडून लावून बघ," पंपसाहेब म्हणाले.

पलीकडून लावली. आता पट्टी पंपाला टेकली आणि फट मोटरकडे गेली.

"बघा," पंपसाहेब म्हणाले.

मोठ्या साहेबांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे फट दोन्हीकडे सारखीच आहे," ते म्हणाले. "समतोल आहे." मग त्यांनी माझी पट्टी हातात घेऊन एका डोळ्याने तिच्या कडेवरून पाहिलं आणि सांगितलं, की हल्ली शाळेच्या वस्तूंचा दर्जा फार घसरलाय.

अकराव्या स्टारखाली सहाव्या दिवशीच रबराची काळी भुकटी पडायला लागली. सातव्या दिवशी बाबा माझी पट्टी मागून घेऊन गेले. आईने दारात विचारलं, "पकडले गेलात तर?"

"तर बदली नाही, नोकरीच जाईल," बाबा म्हणाले. "सामान तरी बांधायला नको."

जेवणाच्या सुट्टीत दोन्ही साहेब आपापल्या खोलीत, आपापल्या भिंतीकडे तोंड करून जेवत होते. बाबांनी पंप बंद केला, मेन स्विचला कुलूप घातलं, मोटरचे चार बोल्ट ढिले केले आणि लाकडी हातोडीने तिला हलके हलके टोले दिले. पट्टी दोन्हीकडून टेकली. बोल्ट आवळले. एकूण वेळ: सव्वीस मिनिटं.

तोच स्टार आज सातव्या महिन्यात आहे. समितीचा अंतिम अहवाल म्हणतो, 'रबराच्या वागणुकीत समाधानकारक सुधारणा झाली असून, फिटरच्या बदलीचे प्रयोजन उरलेले नाही.' रबरवाल्याला प्रशस्तिपत्र मिळालं. पंपसाहेबांना वाटतं मोटरसाहेबांनी गुपचूप मोटर सरकवली, मोटरसाहेबांना वाटतं पंपसाहेबांनी पंप. दोघं एकमेकांकडे क्षमाशील नजरेने पाहतात. बाबांनी तो अहवाल दोनदा वाचला, घडी घातली आणि आईला भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं.

आता हे सगळं मी लिहून ठेवल्यावर आईने कपाळाला हात लावला. "अगं, वाचतील ना ते. बाबांची नोकरी घालवशील."

म्हणून मी आधी चाचणी घेतली. हाच लेख कारखान्यातल्या नऊ जणांना वाचायला दिला, त्यात तिन्ही साहेबही आले. मोटरसाहेबांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा पुसला. "कसं कळलं गं तुला?" ते म्हणाले. "वर मोठे साहेब, खाली कामगार, मध्ये मी असाच झिजतोय." पंपसाहेबांनी बायकोला वाचून दाखवण्यासाठी प्रत मागून घेतली. मोठे साहेब म्हणाले, लेखातलं रबर म्हणजे हुबेहूब मीच. नऊपैकी नऊ जण रबर निघाले. मोटर कोण आणि ती कुणी सरकवली, हे एकानेही विचारलं नाही.

तुम्ही दहावे. तुम्हीही मघापासून स्वतःला तो स्टार समजूनच वाचत आला असाल, असं मी धरून चालले आहे. बाबांची नोकरी त्याच भरवशावर आहे.