गाल्याचा हिवाळा

शांतवनमामा दोन्ही गालांत फुटाणे भरत आणि एकही खात नसत. डावीकडे वीस, उजवीकडे वीस. मग दोन्ही मुठी कानांखाली टेकवून गाल पुढे ढकलत आणि सगळी रास समोरच्या बाकावर ओतत. "आसं!" म्हणत. "आसं रितं करतंय त्ये."

ते म्हणजे गाल्या.

मामा नगरच्या आमच्या शाळेचे शिपाई. मी तिथे नुकताच विज्ञान शिकवायला लागलो होतो. दुसरं महायुद्ध संपून तीन वर्षं झाली होती. त्या लढाईत मामांनी इराणच्या डोंगरात पेट्रोलच्या पिंपांवर पहारा केला होता आणि पिंपांमागच्या बिळात हा उंदीर राहत होता. मुठीत मावेल एवढा, पाठ राखेसारखी, पोट पांढरं, शेपूट म्हणजे विडीचं थोटूक. आणि गालांच्या आत चक्क खिसे!

"खिसे?" आमचे ड्रॉइंगमास्तर विचारत. "मग बटणंही असतील, मामा?"

"हसा, मास्तर. मी शेवगावकडचा मानूस हाय. थापा मारायला पुन्यास्नं न्हाई आलो."

एकदा तपासणीला साहेब आले, तेव्हा नेमके मामांचे गाल भरलेले. "हेडमास्तर आहेत का?" साहेबांनी विचारलं. मामांनी कडक सलाम ठोकला, मुठी कानांखाली नेल्या, सगळे फुटाणे शांतपणे साहेबांच्या पायांशी रिते केले आणि म्हणाले, "हायेत, साहेब."

संध्याकाळी शाळा रिकामी झाली की मात्र मामांचा आवाज उतरे. लांबचा डोंगर निळा होत जाई आणि ऐकता ऐकता मला त्यावर बर्फ दिसू लागे. तिकडे इराणात मैलभर दुसरा माणूस नाही. दिवस कलला की गाल्या बिळाच्या तोंडाशी येई, मिशा हलवी, मामांच्या हातावरचे गहू गालांत कोंबी. गाल पार खांद्यापर्यंत फुगत. आत जाऊन रिकामा होई आणि परत हजर! त्याच्याच जातीचा दुसरा कुणी आला, तर दात विचकून अंगावर धावे.

"येकलकोंडं जित्राब," मामा म्हणत. "पन माज्या बुटावर बसायचं."

एक दिवस त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं. "गुरुजी, दोन म्हैने मी त्येला आयतं घातलं. मंग थंडीच्या तोंडावर पलटनीला हुकूम आला, आमी निघालो. आयत्याची सवय लागल्यालं त्ये. बर्फ पडायच्या आदी त्येनं कोठार भरलं आसंल का? का माज्यामुळं..."

तेव्हा कुठे मला कळलं, की गालांत फुटाणे भरून हा माणूस इतकी वर्षं खेपांचा अंदाज घेत होता. किती खेपा, किती दिवस पुरतील.

मी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळवलं. गाल्या खरा निघाला, चित्रासकट! ड्रॉइंगमास्तर चष्मा पुसून चित्र पुन्हा पुन्हा बघत राहिले. मामांनी चित्रावरून हलकेच बोट फिरवलं.

"हिवाळ्याचं काय लिवलंय?"

"लिहिलंय, आयतं मिळालं तरी हा साठवायचं सोडत नाही. दिलेलंसुद्धा कोठारातच नेतो."

हे खरंच लिहिलं होतं. हा प्राणी जेमतेम दोन वर्षं जगतो, असंही लिहिलं होतं. ती ओळ मी गाळली.

मामांनी मोठा श्वास सोडला. मग डोंगराकडे बघत म्हणाले, "आन मी गेल्यावर, सांजंचं बाहीर येऊन वाट बगितली आसंल का? त्ये न्हाई लिवत पुस्तकात?"

मामांना इंग्रजी येत नव्हतं. मी पान उलटलं, कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि सावकाश वाचून दाखवलं, "आठ दिवस बघतो. मग आपल्या कामाला लागतो."

"आठ दिवस," मामा म्हणाले. "लई झालं की."