डाव्या पंख्याचं माप

मला एक सांगा, माणसानं भरवसा ठेवावा तरी कोणावर? बायकोवर ठेवला तर ती खरं बोलते. स्वतःवर ठेवला तर काय होतं, ते ऐका.

मोताळ्यात माझं कापडाचं दुकान. शिक्षण सातवी (तीही मधल्या सुट्टीपर्यंत), पण बत्तीस वर्षं कापड मोजतोय. थोरली अनुपमा सासरी गेली. धाकटी प्रेरणा म्हणते, जहाजं बांधायला शिकायचं, कोचीला जाऊन! आमच्याकडे मे महिन्यात आंघोळीला पाणी नसतं. ती गेली की घरात उरणार मी आणि बायको चांगुणा. त्यात बोलणार ती एकटीच.

म्हणून मी अट घातली. "तुह्या हातची बोट गावच्या तलावातून सरळ पार गेली, तरच कॉलेजच्या फॉर्मवर सही."

पोरीनं दोन हात लांब बोट केली. मागे दोन पितळी पंखे.

"बाबा, एका फेऱ्यात पंखा पाण्यात जितका पुढे सरकतो, तो त्याचा पिच. दोघांचा सारखा पाहिजे, नाहीतर बोट एका अंगाले वळते." त्यासाठी प्रत्येक पात्याची वरची कड टेबलापासून बरोबर दहा मिलिमीटर उचललेली हवी. उजवा पंखा तिनं केला होता.

"डावा आण इकडं," मी म्हणालो. "मोजणं आपला धंदा आहे."

चष्मा लावला, टेप धरला, पाती पिळली. अगदी इमानदारीनं. (पोरीनं जाऊ नये असं मनात होतं, हातात नव्हतं.) बरोबर दहा!

रविवारी तलावावर अर्धं गाव. बोट दहा हात सरळ गेली, डावीकडे वळली आणि गोल फिरून परत आमच्याच काठाला. पुन्हा सोडली, पुन्हा परत.

"भगवंतराव," शेषराव टेलर ओरडला, "पोरीनं घाण्याचा बैल बनवला का बे?"

सगळे हसले. प्रेरणा हसली नाही. "माह्यंच चुकलं बाबा. मले नाही जमत हे." फॉर्मची घडी तिनं पर्समध्ये सरकवली.

मी जिंकलो होतो. पण छातीवर कोणी कापडाचा गठ्ठा ठेवावा तसं झालं.

तेवढ्यात चांगुणानं डावा पंखा काढून पोरीच्या पट्टीनं मोजला. "आठ भरते."

"दहा आहे!" मी माझ्या टेपनं मोजून दाखवला. दहाच.

"अंगठा काढा," ती म्हणाली.

काढला. टेपचं टोक अंगठ्याखाली दबलेलं. अंगठा दोन मिलिमीटर गिळून बसला होता.

टेप खराब म्हणता आलं असतं. समोर बत्तीस वर्षांची गिऱ्हाइकं उभी होती. पण पोरगी माझ्याकडे बघत होती.

"तिची चूक नाही," मी म्हणालो. "माह्या अंगठ्याची आहे. तो असाच मोजते. पहिल्यापासून."

काठावरची माणसं आपापल्या सदऱ्याच्या बाह्या ओढून बघू लागली.

प्रेरणानं पाती नीट पिळली. बोट सरळ पलीकडच्या काठाला लागली. मी तिथंच शेषरावच्या पाठीवर फॉर्म ठेवून सही केली. (त्याचा सदरा पाठीत भलताच आवळ होता. कापड आमच्याच दुकानाचं.)

पोरगी गेली. घर खायला उठतं. दुकानात मात्र गर्दी. सगळे जुने कपडे घेऊन, कमी भरलेलं मागायला. एकाचं धोतर म्हणे अख्खा हात कमी होतं! यादीत पहिलं नाव चांगुणाचं, लग्नातल्या शालूसाठी.

जे गेलं ते मी देतो. तुम्हीही कधी माझ्याकडून कापड नेलं असेल तर या. फक्त बोटभर कमी भरलं असेल, तर बोटभरच सांगा. तुम्ही तरी हिशेब खरा ठेवा.