कॅल्शियमचा ठोस पुरावा

प्रेमराज सर आयुष्यभर पुराव्यावर जगले. शिरपूरच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी एक्स-रेत न दिसणारे दुखणे कधी मान्य केले नाही. पत्नी कमलबाईंचे गुडघे दुखू लागले, तेव्हा फोटो उजेडाकडे धरून त्यांनी निकाल दिला होता, "फोटोत काही नाही. म्हणजे दुखत नाही."

पुढे त्यांचाच उजवा खांदा धरला. हात छातीच्या वर जाईना. शर्टाची बाही कमलबाईंनी चढवायची, बटणेही त्यांनीच लावायची. हा हात जन्मभर ओल्या टॉवेलसारखा लोंबकळणार, या धास्तीने सरांची झोप उडाली. अखेर कमलबाईंचा चुना-हळदीचा लेप त्यांनी बनियनखाली लावून घेतला. बाहेर वाच्यता न करण्याच्या अटीवर.

एक्स-रे काढायला गेल्यावर तिथला नवीन नावाचा तंत्रज्ञ म्हणाला, "सर, शर्ट-बनियन काढावं लागेल."

"हात वर गेला असता तर इथे कशाला आलो असतो?"

कारण खरेच होते. लेप झाकण्याची निकड त्याहून खरी होती. नवीन त्यांचा जुना विद्यार्थी. सरांशी वाद घालण्याची त्याची सवय वर्गातच मोडली होती. त्याने तसाच फोटो काढला.

फोटोत खांद्यावर पांढराशुभ्र ढग उतरला होता.

"सांध्याभोवती साठलेलं कॅल्शियम," घरी आल्यावर सर जवळजवळ आनंदाने म्हणाले. "याला पुरावा म्हणतात."

कमलबाईंनी मान डोलावली आणि लेपाचा नवा थर दिला.

धुळ्याच्या डॉक्टर मेघा फोटो पाहून गंभीर झाल्या. "एवढा साठा मी पाहिलेला नाही. सोनोग्राफीत बघत सुईने काढू."

परिचारिकेने बनियन कात्रीने कापले. तांबूस खपली तिच्या हातात आली.

चुन्यात काय असते, हे सर नोकरीभर फळ्यावर लिहीत आले होते.

"हाऊ ते मना चुना शे," कमलबाई अहिराणीत म्हणाल्या.

खांदा धुऊन पुन्हा एक्स-रे झाला, सोनोग्राफी झाली. दोन्ही स्वच्छ.

"साठा नाही, सर. सांधा आखडलाय बहुतेक. सुटायला वर्ष जाईल, कदाचित दोन," डॉक्टर म्हणाल्या.

"पण दुखतंय हो फार," सर म्हणाले. विनापुरावा केलेले हे त्यांचे पहिलेच विधान.

बाहेरच्या बाकावर बाही चढवता चढवता कमलबाई शांतपणे म्हणाल्या, "फोटोमा काहीच नही. म्हनजे दुखस नही."

सरांनी हरकत घेण्यासाठी हात उचलला. तो छातीपाशीच थांबला.