चुकीचा जाहीर सत्कार

आमच्या कॉलनीत एखाद्या पोराचा शब्द चुकला, की शेजारचे बोरकुटे काका त्याचा शाल आणि संत्रं देऊन जाहीर सत्कार करतात. नारळ पोरांना फोडता येत नाही, म्हणून संत्रं. शाल गांधीबागेच्या कापडबाजारातली, एकुलती एक. कार्यक्रम संपला की काढून घेतात.

रविवारी संध्याकाळी जिन्याखाली फळा, खुर्च्या आणि माईक मांडला जातो. प्रमुख पाहुणा म्हणून हाताशी लागेल तो बसवायचा. कधी भाजीवाला, कधी सिलिंडर घेऊन आलेला माणूस. मागे चिनूने हत्तीतला एक त गाळला, तर काका माईकवर म्हणाले, "हत्तीले इतकं हलकं आजवर कोनी केलं नोतं. सत्कार तर झालाच पाह्यजे." मग सत्कारमूर्तीने उत्तराचं भाषण करायचं, आपण या चुकीपर्यंत कसे पोचलो ते सांगायचं. सांगता सांगता पोराला बरोबर शब्द सापडतो. मला हे निव्वळ खूळ वाटायचं. माईकच्या खरखरीने डोकं उठायचं ते वेगळंच.

पण माझी पूर्वा, दुसरीतली, चुकण्याच्या धास्तीने पेन्सिलच उचलेना. शुद्धलेखनाचा पेपर कोरा यायचा. रागावून झालं, चॉकलेट देऊन झालं. शेवटी अडला हरी... पुढचं मी म्हणत नाही. तिला काकांकडे नेलं.

"काहून वं पूर्वा, तुले सत्कार नाही पाह्यजे का?"

कित्येक रविवार ती नुसती बसून राहिली. मग एकदा उठली, खडू घेतला आणि फळ्यावर 'आशीर्वाद' लिहिलं. अगदी बरोबर.

"मग मला शाल नाही?" तिचा चेहरा पडला.

काका शाल घेऊन तसेच उभे. बरोबर शब्दासाठी त्यांच्या कार्यक्रमात काही सोयच नव्हती. मग त्यांनी खडू घेतला, खाली तोच शब्द धडधडीत चुकीचा लिहिला आणि शाल तिच्या हातात देऊन खुर्चीत जाऊन बसले.

"आता माहा सत्कार. प्रमुख पाहुनी तू."

पूर्वाने शेजारच्या खुर्चीवर चढून त्यांना शाल पांघरली आणि माईक पुढे केला. तासन् तास बोलणारा हा माणूस गप्प झाला. डोळे भरून आले होते.

माझ्याजवळ उभ्या असलेल्या बोरकुटे काकू हळूच म्हणाल्या, "हापिसात सगळ्याइचे निरोप समारंभ यायनंच केले वं. यायचा सोताचा रिटायर व्हाचा दिवस आला तवा लॉकडाऊन होता. फोनवरच झालं सारं. हे शाल बी मंग सोताच आनली."

पूर्वा मात्र माईक धरून उभीच होती.

"बोला ना काका," ती म्हणाली, "चुकलं तरी चालते."