टेबलाखालची दोन बोटं

डोकं कशाला म्हणतात, हे १९३८ साली अमरावतीच्या आमच्या क्लबाला मीच दाखवणार होतो! अकोल्याच्या जोडीनं लागोपाठ तीन वर्षं टेबल टेनिसची ढाल नेली होती. त्यावर मी जालीम उपाय काढला. सर्विस करण्याआधी टेबलाखाली हात धरून मी जोडीदाराला खूण करायची. एक बोट म्हणजे आखूड, दोन म्हणजे लांब, मूठ म्हणजे फिरकी. माझा जोडीदार शेषराव हा शेंदूरजनाघाटचा, संत्र्याच्या बागेतला भला माणूस. त्याला मी बजावलं, खूण दिसली तरी मान हलवायची नाही, चेहरा दगडासारखा ठेवायचा.

सामना बघायला त्याची आई, पार्बताबाई, खास गावाहून आली. खुर्च्या साहेबलोकांना आणि घरच्या मंडळींना पुढं सतरंजी. सतरंजीवरून टेबलाच्या वरचं कमी आणि खालचं जास्त दिसतं, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

मी दोन बोटं दाखवली. शेषराव दगड. मी चेंडू उडवणार, तोच सतरंजीवरून आवाज आला, "शेषा, ध्यान कुठी हाये तुहं? भगवंतराव दोन बोटं दाखवून राहिले ना!"

हॉल हसला. अकोलेकरांनी लांब चेंडू ताडला आणि ते दोन पावलं मागं सरकले. पुढची मूठही अशीच जाहीर झाली. मी घाईघाईनं खुणांचे अर्थ बदलले, तर ते अकोलेकरांना लगेच कळले आणि चुकला एकटा शेषराव.

शेवटच्या गेममध्ये वीस-वीस झाले. मी एक बोट दाखवलं, ते बाईंनी सांगितलं आणि माझा तोल गेला.

"शेषराव, आईला घरी बसवता येत नव्हतं का?"

पार्बताबाईंनी पदर सावरला आणि त्या उठून बाहेर गेल्या. शेषरावानं बॅट हळूच टेबलावर ठेवली आणि तो आईमागं निघून गेला. ढाल अकोल्याला गेली. मला त्या रात्री ढाल आठवलीसुद्धा नाही.

आठ दिवसांनी मी त्यांच्या घरी जाऊन बाईंच्या पाया पडलो.

"तुमी घडीघडी बोटं दाखवून राहिले होते," त्या म्हणाल्या. "हा पोरगा ढिम्म. तुमची मेहनत वाया जाऊ नये म्हणून बोलली मी."

माझ्यासाठीच ओरडत होती ती माउली! मला फार वाईट वाटलं. निघताना कसंबसं शेषरावाला पुढल्या वर्षाचं विचारलं.

"पुढल्या साली मी आपल्या क्लबातल्या किसनरावासंगं खेळतो," तो नम्रपणे म्हणाला. "ते काईच दाखवत नाई."

ते दोघं जिंकले. क्लबानं मला गुण मांडायला बसवलं होतं. मी ते अगदी बिनचूक मांडले.