पाय बघून माणूस पारखणारी धुरपदाबाई

बाकीचे लोक नव्या माणसाचं तोंड बघतात. धुरपदाबाई पाय बघायची. मी दवाखान्याच्या आवारात टांग्यातून उतरले, तशी ती पुढं आली, उकिडवी बसली, माझं लुगडं वीतभर वर सारलं आणि अंगठ्यानं पोटरी दाबून पाहिली. टांगेवाला बघत होता, माझा भाऊ बघत होता, आणि मला कुठं तोंड लपवू असं झालं होतं.

"टिकंल," ती उठत म्हणाली. "दात बी बघितले असते, पर बाई शिकल्याली दिसती."

ही निजामाच्या राज्यातली गोष्ट. बीडच्या बाजूला एका दवाखान्यात बायकांसाठी नर्सिंगचा दीड वर्षाचा वर्ग निघाला होता. त्याआधी मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. शाळेत मुली उरल्या नाहीत, सासरी मी कुणाची उरले नव्हते आणि भावाच्या घरी वहिनीच्या कपाळावर मला बघून रोज एक आठी पडत होती. तेव्हा सव्विसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. धुरपदाबाईही त्याच वर्गात शिकायला आलेली, चाळिशीची, लिंबागणेशकडची धनगरीण. सगळा जन्म मेंढरांमागे गेलेला. आम्हा दोघींना मिळून एक खोली दिली होती. भाऊ जाताना हळूच म्हणाला, "खोली बदलून माग." मी मागितली नाही, कारण वर्ग चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंची मला भीती वाटली. त्या भित्रेपणाचे माझ्यावर फार उपकार आहेत.

नर्सिंग म्हणजे काय असतं, हे मला वर्गात कुणी सांगितलं नाही. ते धुरपदाबाईनं पहिल्याच दिवशी भाकरी मोडता मोडता सांगून टाकलं.

"हे बग मास्तरीण, आदी पाय जात्यात. मंग नाक जातं. मंग भूक जाती. एवढं सगळं जाऊन बी तू हितं दिसलीस, तर झालीस नर्स."

मला वाटलं, बाई आपली घाबरवते आहे. पण आठ दिवसांत माझे पाय सुजून पायलीएवढे झाले. पंधरवड्यात नाक गेलं, म्हणजे कुठला वास फिनेलचा आणि कुठला आमटीचा हे कळेना. भूक गेली ती एका म्हातारीच्या पायावरची जखम धुताना. मी बाहेर जाऊन ओकले आणि पायरीवर बसून रडायला लागले. आमच्या घरात कुणाला शिवायचं म्हणजे आधी दहा विचार करायचे, आणि इथं हा प्रकार!

धुरपदाबाई मागं येऊन उभी राहिली. "कावून रडतीस?"

"मला नाही जमायचं."

"तुला वास आला म्हून तू वकलीस. त्या म्हातारीला सा म्हैनं झाले, वास येतुय. ती कुटं जाऊन वकंल?"

तिनं माझं मनगट धरलं, आत नेलं आणि माझा हात म्हातारीच्या पायावर ठेवला. वर आपला ठेवला. म्हातारी माझ्याकडं बघून ओशाळं हसली. त्या दिवशी मी पट्टी पुरी बांधली. वाकडी झाली, पण बांधली. पुढं आयुष्यभर जी भाकर खाल्ली ती त्या पट्टीची, असंच मी मानते.

आता बाईचे गुण सांगितले, तर प्रतापही सांगायला हवेत. धुरपदाबाईला अक्षर येत नव्हतं. वॉर्डात चौदा खाटा. कुणाला शेक, कुणाला कडू औषध, कुणाला नुसती पेज, हे आम्ही कागदावर लिहून घ्यायचो. ती काय करणार? एका सकाळी डॉक्टरीणबाई फेरीला आल्या आणि पाहतात तो काय, चौदाच्या चौदा बायकांच्या मनगटावर गेरूचे ठिपके! एक ठिपका शेकाचा, दोन कडू औषधाचे, आडवी रेघ पेजेची. आपल्या मेंढ्या दुसऱ्याच्या कळपात मिसळल्या तर ओळखू याव्यात म्हणून धनगर त्यांना रंग लावतात, तसं तिनं हे सगळं रीतसर केलं होतं.

डॉक्टरीणबाईंचा पारा चढला. "ही जनावरं आहेत का?"

"कान तर न्हाई ना कापले कुनाचे?" धुरपदाबाई मनापासून म्हणाली. मेंढीच्या कानाला खूण करतात, तेवढं तिनं माणूस म्हणून सोडलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी ते सगळे ठिपके आमच्याकडून धुऊन घेतले. उमापूरची एक आजीबाई काही केल्या हात पुढं करीना. ठिपका लावल्यापासून आपली कळ थांबली, असं तिचं म्हणणं. तिचा ठिपका राहिला. धुरपदाबाईला मात्र डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर बजावलं, "शेवटच्या इम्तिहानात बाटलीवरची चिठ्ठी वाचता आली नाही, तर नर्सची सनद मिळणार नाही. मग गेरू घ्यायचा आणि परत मेंढरांत जायचं."

ती खोलीवर आली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. मी तिला तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मग वळून म्हणाली, "मास्तरीण, मला ती सनद पायजेच. शिकीवतीस का?"

मी शाळेत शंभर पोरींना शिकवलं असेल, पण असा विद्यार्थी पाहिला नाही. अक्षराला ती अक्षर म्हणायचीच नाही. 'ट' म्हणजे वाकलेली म्हातारी, 'ळ' म्हणजे दोन मेंढरं तोंडाला तोंड लावून बसलेली. जोडाक्षर आलं की चिडायची, "ह्यास्नी कुनी असं बांदून घातलंय?" आणि वाचायची ती माळावरून हाक मारल्यासारखी. दुपारच्या वेळी आमच्या खोलीतून "बो-रिक पाव-डर!" अशी आरोळी उठली की आवारातले बैल माना वर करायचे. अर्धं आयुष्य सरल्यावर कशाला हे सगळं, असं तिला कुणी विचारलं तर प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळे. मला म्हणाली, मेंढरांचा कटाळा आला. स्वयंपाकीणबाईला म्हणाली, हितं दोन टाइम जेवान मिळतंय. आम्ही हसायचो आणि सोडून द्यायचो.

इम्तिहान घ्यायला हैदराबादेहून मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. चष्मेवाल्या, उंच, उर्दू बोलणाऱ्या, पण मराठीही येणाऱ्या. वऱ्हांड्यात टेबलावर बाटल्या मांडल्या होत्या. आम्ही सगळ्या भिंतीला टेकून उभ्या. धुरपदाबाईनं एकेक चिठ्ठी वाचली, सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशी. शेवटची वाचली, "नि-ल-गि-री-चं तेल," मग बूच काढून हुंगलं आणि म्हणाली, "चिठ्ठी खोटी हाय. हे टरपेंटीन हाय." मोठ्या बाईंनी हुंगून पाहिलं. आमच्या डॉक्टरीणबाईंनी हुंगून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. मोठ्या बाई हसल्या, "शाबाश!" माझा जीव भांड्यात पडला. झाली बाई पास, असं मी धरून चालले.

मग तोंडी प्रश्न सुरू झाले. "बाळंतपणात मूल आडवं आलं, तर काय करशील?"

हा तर सोपा प्रश्न. आम्ही तो घोकून घोकून पाठ केला होता. पण धुरपदाबाईनं हात पदराखाली घेतले. मोठ्या बाईंनी पुन्हा विचारलं. मीच उत्तर सांगून टाकावं असं मला वाटत होतं.

"हात घालनार न्हाई," ती शेवटी म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज टेबलापलीकडं गेला नाही. "वढनार न्हाई. कुनाला वढू देनार न्हाई. कुशीवर निजवीन, गाडी जुंपायला लावीन, अन् डाक्टरीणबाईकडं घिऊन यीन. वाटंत तिचा हात सोडनार न्हाई."

"दुरुस्त, अगदी बरोबर," मोठ्या बाई म्हणाल्या. "इतका वेळ का लागला?"

"मेंढीचं आडवं आलं तर आमी हात घालून फिरवतो अन् वढतो. लई वाचल्यात ह्या हातानं." तिनं हात पदराबाहेर काढून टेबलावर ठेवले. "लेकीचं आडवं आलं. आमी माळावर व्हतो. मला वाटलं, मला येतंय. म्या वढलं. लेक बी गेली, लेकरू बी गेलं. न्हाई वढायचं, हे मला हितं येऊन कळलं."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. आमच्या डॉक्टरीणबाई खाली बघत म्हणाल्या, "धुरपदा, हे आधी का नाही सांगितलंस?"

"इचारलं कुनी?"

ती डॉक्टरीणबाईंना बोलली, पण लागलं मला. दीड वर्ष मी तिच्या शेजारी निजले. माझा नवरा, माझी वहिनी, माझे पाय, माझी भूक, सगळं तिनं ऐकून घेतलं. तिनं मला या कामात उभं केलं. आणि तुझं मागं कोण आहे गं, एवढं एक मी विचारलं नव्हतं.

ती पास झाली. आवारातल्या कडुलिंबाखाली सनद मांडीवर घेऊन बसली होती. मी जवळ जाऊन बसले. आभार मानावेत, तर तिचं देणं त्याहून फार मोठं झालं होतं. मग मी विचारलं, "लेकीचं नाव काय होतं?"

तिनं मांडीवरची सनद बाजूला ठेवली.

"शेवंता," ती म्हणाली. "लई बडबडी. मेंढरांस्नी मान्सांची नावं ठिवायची. सासूचं नाव एका म्हाताऱ्या मेंढीला ठिवलं व्हतं." ती हसली, आणि हसता हसता डोळ्याला पदर लावला. "सनाला भात केला की पातेलं पुसून खायाची."

वॉर्डातून कुणीतरी आम्हाला हाक मारली. दुसरी एक पोरगी धावत गेली. मी जागची हलले नाही.

"आणि?" मी म्हटलं. "आणखी काय करायची शेवंता?"